धमनीच्या भिंतींतील खवट चरबी

नागपुराहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, कन्हान नदीच्या तीरीं, मौदा हें तालुक्याचें गांव वसलेलें आहे. आसपासचा मुलूख धानाचा. पेंच प्रकल्पाच्या कालव्याचें पाणी ज्यांच्या बांध्यांना मिळतें, त्या शेतकऱ्यांस गाळ म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. पाट वर्षानुवर्षें उपसला नाहीं, तर तळाशीं गाळ बसतो, पाण्याची वाट अरुंद होते आणि शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोहोंचत नाहीं. हृदयविकाराचें नांव निघालें म्हणजे खेड्यांतील काय आणि शहरांतील काय, बहुतेकांच्या मनापुढें नेमकें हेंच चित्र उभें राहतें. रक्तांत चरबी वाढली, ती नळींत सांचली, नळी तुंबली आणि हृदय थांबलें, अशी ही सर्वसाधारण समजूत आहे.

चित्र सोपें आहे. परंतु तें खरें नाहीं. पाटांतील गाळ पाण्याच्या मार्गांत उघड्यावर बसतो. धमनींतील चरबी रक्ताच्या प्रवाहांत बसत नाहीं. ती धमनीच्या भिंतीच्या आंत, अस्तराखालीं सांचते. शिवाय ती तेथें नुसती पडून राहत नाहीं. शरीराच्या संरक्षणासाठीं ज्या पेशी आहेत, त्याच ती चरबी गिळतात, फुगतात आणि तेथेंच अडकून बसतात. रोगाचें एक मूळ रक्षकांच्या कर्तव्यदक्षतेंतच सांपडावें, ही गोष्ट प्रथमदर्शनीं विलक्षण वाटते. ती कशी घडते हें समजून घेणें अगत्याचें आहे. कारण ह्या रोगावरील आजचे उपचार आणि पथ्यें ह्या ज्ञानाशीं निगडित आहेत.

प्रथम ह्या रक्षकांचा परिचय करून घेतला पाहिजे. १८८२ सालीं इलिया मेचनिकॉफ हे रशियन शास्त्रज्ञ सिसिली बेटांतील मेसिना शहरीं समुद्रांतील तारामाशाच्या पारदर्शक पिलांचें निरीक्षण करीत होते. त्यांनीं एका पिलाच्या अंगांत गुलाबाचे कांटे टोंचून ठेविले. दुसऱ्या दिवशीं पाहतात तों शरीरांतील फिरत्या पेशी त्या कांट्यांभोंवतीं गोळा झालेल्या! परकी वस्तू आंत शिरली कीं तिला वेढा घालून गिळून टाकणें हें ह्या पेशींचें काम आहे, असा सिद्धांत मेचनिकॉफ यांनीं मांडला. ह्या कार्याबद्दल १९०८ सालीं त्यांस पॉल एर्लिख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. मनुष्याच्या शरीरांत अशा भक्षक पेशींचा जो मोठा वर्ग आहे, त्यास महाभक्षक म्हणतां येईल. शिळ्या झालेल्या रक्तपेशी, मेलेले जंतू, मोडकेंतोडकें प्रथिन, सारें कांहीं ह्या पेशी फस्त करतात. नागपूर जिल्ह्यांतील कोळशाच्या खाणींत काम करणाऱ्या मजुराच्या फुप्फुसांत जी धूळ जाते, ती गिळण्याचें कामही ह्याच पेशींकडे असतें. शरीराच्या आरोग्यखात्याचा हा सफाई-विभागच होय.

दुसरें पात्र म्हणजे कोलेस्टेरॉल. १९१० सालीं जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ विंडाउस यांनीं रोगट महाधमनीचें पृथक्करण केलें, तेव्हां तींत निरोगी महाधमनीपेक्षां वीस पटींहून अधिक कोलेस्टेरॉल आढळलें. १९१३ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें निकोलाय अनिच्कॉव्ह यांनीं सशांना सूर्यफुलाच्या तेलांत विरघळविलेलें शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊं घातलें. कांहीं आठवड्यांतच सशांच्या धमन्यांत मनुष्याच्या रोगासारखे डाग दिसूं लागले. सूक्ष्मदर्शकाखालीं त्या डागांत चरबीच्या थेंबांनीं गच्च भरलेल्या पेशी दिसल्या. काचपट्टी तयार करतांना चरबी विरघळून जाते आणि पेशींत पोकळ बुडबुडे तेवढे उरतात. म्हणून अशा पेशींस फेसाळ पेशी असें नांव पडलें. तथापि ससा हा गवत खाणारा प्राणी. हाच प्रयोग उंदीर व कुत्रा ह्यांवर तसा यशस्वी झाला नाहीं. त्यामुळें ह्या शोधाकडे कित्येक दशकें बहुतेकांनीं दुर्लक्षच केलें.

कोलेस्टेरॉल हें विष नव्हे, हें येथें स्पष्ट केलें पाहिजे. शरीरांतील प्रत्येक पेशीच्या आवरणास तें लागतें. पित्तरस आणि अनेक अंतःस्राव त्यापासूनच बनतात. तें मेणासारखें असल्यामुळें रक्ताच्या पाण्यांत विरघळत नाहीं. म्हणून शरीर त्याची ने-आण प्रथिनाच्या वेष्टनांत गुंडाळलेल्या अतिसूक्ष्म कणांतून करतें. ह्यांपैकीं जे कण यकृताकडील कोलेस्टेरॉल इतर पेशींना पोहोंचवितात, त्यांस एल. डी. एल. म्हणतात. हे कण इतके लहान, कीं एका मिलिमीटरांत चाळीस हजारांवर कण ओळीनें बसतील.

हा माल पेशी उतरवून कसा घेतात, ह्याचा उलगडा अमेरिकेंतील डॅलस येथें मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन यांनीं १९७३-७४ च्या सुमारास केला. पेशीच्या पृष्ठभागावर एल. डी. एल. ओळखून आंत घेणारे विशिष्ट ग्राहक असतात. पेशीची गरज भागली, कीं ती हे ग्राहक कमी करते. कणगी भरल्यावर शेतकरी जसें तिचें तोंड लिंपून टाकतो, तसाच हा प्रकार होय. ह्या शोधाबद्दल त्या दोघांस १९८५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु ह्या शोधानेंच एक नवें कोडें उत्पन्न केलें. कित्येक लाखांत एखादें मूल असें जन्मास येतें, कीं त्याच्या पेशींवर हे ग्राहक कार्यक्षम नसतातच. त्याच्या रक्तांत एल. डी. एल. चा पूर येतो आणि योग्य उपचार न झाल्यास बालपणींच अथवा ऐन तारुण्यांत त्यास हृदयविकाराचा झटका येतो. ह्या मुलांच्या धमन्या फेसाळ पेशींनीं भरलेल्या असतात. आतां, माल आंत घेण्याचें दारच जर नाहीं, तर पेशींत इतका माल शिरला कोठून? उलटपक्षीं, प्रयोगशाळेंत निरोगी महाभक्षक पेशींपुढें साधें एल. डी. एल. कितीही ठेवलें, तरी त्या फुगत नव्हत्या. तेव्हां कोठें तरी दुसरें दार असलें पाहिजे, आणि त्या दारानें शिरणारा माल कांहींसा बदललेला असला पाहिजे.

१९७९ सालीं तें दुसरें दार सांपडलें. गोल्डस्टीन व ब्राउन यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह एल. डी. एल. वर एक रासायनिक प्रक्रिया केली. तीमुळें कणाच्या प्रथिनावरील धन विद्युद्भार नाहींसा झाला. असा बदललेला कण महाभक्षक पेशींपुढें ठेवतांच त्यांनीं तो अधाशासारखा गिळण्यास प्रारंभ केला. पोट भरल्यावर मिटणारें हें दार नव्हतें. पेशी गिळतच राहिल्या आणि अखेर अनिच्कॉव्ह यांनीं पाहिलेल्या फेसाळ पेशींसारख्या दिसूं लागल्या. ह्या दारास सफाई-ग्राहक म्हणतां येईल. केरकचरा उचलणाऱ्या पेशींस 'आतां पुरे' असें म्हणण्याची मुभा निसर्गानें ठेविलेली नाहीं. जंतूंच्या बाबतींत ती मुभा नसणें हेंच हिताचें आहे. चरबीच्या बाबतींत मात्र तेंच घातक ठरतें.

ह्या निबंधाच्या लेखकांत संदीप कुमार बसू हे भारतीय शास्त्रज्ञ होते, ही गोष्ट ह्या देशांतील श्रोत्यांस आनंद देणारी आहे. पुढें ते भारतांत परत आले आणि दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-विज्ञान संस्थेचे संचालक झाले. त्यांनीं ह्या ज्ञानाचा एक निराळाच उपयोग करून दाखविला. काळा आजार ज्या जातीच्या परोपजीवींमुळें होतो, ते महाभक्षक पेशींच्याच पोटांत लपून बसतात. १९८९ सालीं बसू व त्यांचे सहकारी यांनीं औषध एका बदललेल्या प्रथिनास जोडून तें सफाई-ग्राहकाच्या दारानें नेमकें त्या पेशींत पोहोंचविलें आणि प्रयोगांतील प्राण्यांवर त्याचा गुण दाखवून दिला. ज्या दारानें रोग शिरतो, त्याच दारानें औषधही शिरूं शकतें, असें ह्या प्रयोगानें सिद्ध झालें.

डॅलसचा प्रयोग कांचेच्या बशींतला होता. मनुष्याच्या शरीरांत एल. डी. एल. वर ती रासायनिक प्रक्रिया करावयास कोणी बसलेलें नसतें. मग तेथें तो बदलतो कसा? ह्या प्रश्नाचें उत्तर कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो येथें डॅनिएल स्टाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेंत मिळालें. १९८१ सालीं तेथें असें दिसून आलें, कीं धमनीच्या अस्तराच्या पेशींच्या सहवासांत एल. डी. एल. रात्रभर ठेविला, तर दुसऱ्या दिवशीं महाभक्षक पेशी त्यास ओळखून गिळूं लागतात. १९८४ सालीं ह्या बदलाचें स्वरूप कळलें. कणांतील चरबीचा प्राणवायूशीं संयोग होत होता. ह्या संशोधनांत मूळचे भारतीय असलेले संपत पार्थसारथी यांचा मोठा वाटा होता.

हा संयोग विदर्भांतील कोणत्याही गृहिणीस परिचित आहे. जवसाचें तेल उघडें राहिलें, कीं थोड्याच दिवसांत त्यास वास येतो. तें खवट होतें. खवट होणें म्हणजे तेलांतील नाजूक स्निग्धाम्लांचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन त्यांचे तुकडे पडणें. एल. डी. एल. च्या कणांतही अशींच नाजूक स्निग्धाम्लें असतात. तीं खवट झालीं, कीं त्यांचे तुकडे कणाच्या प्रथिनास जाऊन चिकटतात, आणि डॅलसच्या प्रयोगांत झाकला गेलेला धन भार येथेंही झाकला जातो. सफाई-ग्राहकास तो कण आतां आपला वाटत नाहीं, केर वाटतो. पुढें १९९० सालीं अशा एका ग्राहकाची रचना उलगडली आणि १९९३ सालीं सी. डी. ३६ नांवाचा दुसरा ग्राहक खवट एल. डी. एल. ला धरतो, असें आढळलें.

येथें एक गैरसमज होण्याचा संभव आहे. खवट तेल पोटांत गेलें म्हणून धमनींतील चरबी खवट झाली, असा ह्याचा अर्थ नव्हे. वाहत्या रक्तांत खवटपणास आळा घालणारीं द्रव्यें विपुल असतात. एल. डी. एल. चा कण अस्तरांतून पलीकडे भिंतींत शिरतो, तेथील तंतुमय जाळ्यास चिकटून अडकून पडतो, आणि ह्या आडोशाच्या जागीं, पहाऱ्याबाहेर, तो खवट होतो. रक्तांत कण जितके अधिक, तितके अधिक कण भिंतींत शिरतात आणि अडकतात. धमनीस जेथें फांटे फुटतात किंवा ती वळण घेते, तेथें प्रवाह अडखळतो. बहुधा रोगाचा प्रारंभही तेथेंच होतो.

खवट कणांमुळें अस्तराच्या पेशी सावध होतात आणि रक्तांतील रक्षकांस हांक देतात. रक्षक भिंतींत उतरतात, महाभक्षक बनतात, खवट कण गिळतात, फेसाळ होतात. त्यांच्या थव्यामुळें धमनीच्या आंतल्या बाजूस पिवळसर रेघ उमटते. हा प्रारंभ म्हातारपणीं होतो असें नाहीं. कोरियाच्या युद्धांत मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांचें सरासरी वय अवघें २२ वर्षांचें होतें. तरी दर चारांतील तिघांच्या हृदयाच्या धमन्यांत रोगाच्या खुणा डोळ्यांनीं दिसण्याइतक्या स्पष्ट होत्या.

पुढील भाग अधिक गंभीर आहे. फेसाळ पेशी स्वस्थ बसत नाहींत. त्या अधिक रक्षकांस बोलावितात आणि दाह पेटता ठेवितात. कालांतरानें त्या मरतात. त्यांच्या पोटांतील चरबी भिंतींत सांडते आणि तेथें मऊ लगद्याची गांठ होते. शरीर त्या गांठीवर तंतूंचें आच्छादन घालतें. तें आच्छादन जाड असेतों मनुष्य कित्येक वर्षें सुखानें जगतो. परंतु दाह चालू राहिला, तर भक्षक पेशींतून पाझरणाऱ्या पाचक द्रव्यांनीं आच्छादन झिजतें आणि एके दिवशीं फाटतें. आंतला लगदा रक्तास लागतांच तेथें गुठळी धरते व कांहीं मिनिटांत धमनी बंद होते. म्हणूनच काल शेतांत चिखलणी करणारा धडधाकट मनुष्य आज अचानक कोसळतो. त्याची धमनी हळूहळू तुंबत आली होती असें नेहमींच नसतें. पुष्कळ वेळां भिंतींतील एक लहान गांठ फुटलेली असते.

इतकें ज्ञान झाल्यावर उपाय सोपा वाटला. चरबीचा खवटपणा थांबविणारें द्रव्य दिलें कीं झालें! ई जीवनसत्त्व हें तसें द्रव्य आहे आणि कांचेच्या बशींत तें उत्तम काम करतें. परंतु सुमारें साडेनऊ हजार लोकांस तें साडेचार वर्षें देऊन केलेल्या चाचणीचा निष्कर्ष २००० सालीं बाहेर आला, आणि त्यांत हृदयविकार यत्किंचितही कमी झाला नव्हता. उंदरांत सफाई-ग्राहक नाहींसे करून पाहिले, तर कांहीं प्रयोगांत रोग घटला, कांहींत फेसाळ पेशी तशाच राहिल्या. महाभक्षकांस एकच दार नसून अनेक दारें आहेत. निसर्गानें सफाईच्या कामाची जय्यत तयारी ठेविलेली असल्यामुळें एक दार बंद करून भागत नाहीं.

यश आलें तें मूळ मालच कमी करण्याच्या मार्गानें. जपानांत आकिरा एंदो यांनीं १९७० नंतरच्या दशकांत एका बुरशींतून यकृतांतील कोलेस्टेरॉलची निर्मिती मंदावणारें द्रव्य वेगळें केलें. त्याच जातीचें औषध हृदयविकाराच्या ४,४४४ रोग्यांवर वापरून झालेली स्कँडिनेव्हियांतील चाचणी १९९४ सालीं प्रसिद्ध झाली; तींत मृत्यूंचें प्रमाण सुमारें ३० टक्क्यांनीं घटलें. पुढें २०१७ सालीं दहा हजारांहून अधिक रोग्यांवरील एका चाचणींत, कोलेस्टेरॉल न घटवितां केवळ दाह शमविणाऱ्या औषधानेंही झटक्यांचें प्रमाण सुमारें १५ टक्क्यांनीं कमी झालें. त्या औषधानें जंतुसंसर्गानें होणारे मृत्यू मात्र किंचित् वाढले. रक्षकांस निःशस्त्र करण्याची ही किंमत होय.

आतां मौदा तालुक्यांतील कुटुंबानें ह्यांतून काय घ्यावें? पहिली गोष्ट तंबाखूची. भंडारा-गोंदियाचा प्रदेश तेंदूच्या पानांचा आणि विडीच्या धंद्याचा. खर्ऱ्याची पुडी तर विदर्भांत पावलोपावलीं मिळते. तंबाखूचा धूर धमनीचें अस्तर दुखावतो आणि एल. डी. एल. खवट होण्यास साहाय्य करतो. ५२ देशांत केलेल्या व २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, केवळ विडी ओढणाऱ्यांत पहिल्या झटक्याचा धोका तंबाखूस न शिवणाऱ्यांच्या मानानें २.८९ पट व तंबाखू चघळणाऱ्यांत २.२३ पट आढळला. विडी ही सिगारेटपेक्षां साधी आणि खर्रा हा निरुपद्रवी, ही समजूत ह्या आंकड्यांपुढें टिकत नाहीं.

दुसरी गोष्ट अंगयष्टीची. 'मी काटकुळा आहें, मला कसली चरबी!' असें म्हणणारा मनुष्य गांवोगांवीं भेटतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचें एक छायाचित्र २००४ सालीं 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. शेजारीं त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन उभे होते. उंचीच्या मानानें वजनाचें गणित दोघांचेंही सारखेंच, २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरांत २१.२ टक्के! दक्षिण आशियांतील लोकांत हृदयविकाराचा पहिला झटका इतरांच्या मानानें पांच-सहा वर्षें आधींच येतो, असेंही उपरोक्त पाहणींत दिसून आलें. तेव्हां वयाच्या चाळिशीच्या आधींच रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल ह्यांची तपासणी करून घेणें हें लठ्ठ माणसाइतकेंच काटकुळ्या माणसासही आवश्यक आहे. घरांत कोणास अल्पवयांत झटका आला असेल, तर मुलाबाळांचीही तपासणी व्हावी. डॉक्टरांनीं दिलेली गोळी 'आतां बरें वाटतें' म्हणून बंद करूं नये. कारण भिंतींतील गांठीस बरेंवाईट वाटत नसतें, आणि ती दुखतही नाहीं.

तिसरी गोष्ट वेळेची. छातींत दडपण येणें, घाम फुटणें, दम लागणें, कळ डाव्या हातांत, जबड्यांत किंवा पाठींत जाणें, हीं लक्षणें पुष्कळदां वायगोळा किंवा पित्त समजून ओवा-सोडा घेऊन दडपलीं जातात. मधुमेही मनुष्यास तर कळ फारशी जाणवतही नाहीं. गुठळीनें धमनी बंद झाल्यापासून हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटास मरत असतो, आणि मेलेला स्नायू परत मिळत नाहीं. गुठळी विरघळविणारें औषध अथवा धमनी उघडण्याची क्रिया पहिल्या कांहीं तासांतच खरा गुण देते. मौद्याहून नागपूर दूर नाहीं; १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावितां येते. अशा प्रसंगीं अंतरापेक्षां घरांतील विलंबच बहुधा अधिक घात करतो. सकाळपर्यंत वाट पाहूं, असें म्हणणें म्हणजे रोग्याच्या हृदयाचा एकेक भाग हातचा घालविणें होय.

सफाई करणाऱ्या पेशींस दोष देण्याचें कारण नाहीं. त्या नसत्या, तर मनुष्य क्षुल्लक जखमेनेंही दगावला असता. त्यांच्यापुढें टाकला जाणारा केर कमी करणें एवढेंच मनुष्याच्या हातीं आहे. आणि तें काम धमनींत नव्हे, तर स्वयंपाकघरांत, पानठेल्यावर आणि डॉक्टरांच्या तपासणींत करावयाचें आहे.